टोप्यांना खोबरेल

आमच्या करंजाड्याची मालूताई म्हणजे पनवेलच्या बाजारात तीस वर्षं पापलेट विकलेली बाई. माशाचा डोळा चमकला की भाव चढतो, हे तिचं शास्त्र. तिचा परेश मात्र घरी कीबोर्डच्या कीकॅप्स घडवतो, म्हणजे बटणांवरच्या रंगीत टोप्या. एक संच आठ हजारांना! परवा सुकापूरचं गिऱ्हाईक यायच्या वेळी परेश आंघोळीला गेला. टोप्या अगदीच निस्तेज दिसल्या, म्हणून माऊलीने एकेकीला खोबरेल चोळलं.

गिऱ्हाईक हिरमुसलं. "काकू, या वापरलेल्या आहेत. बोटं लागून लागूनच अशा चकाकतात. चार हजार देईन."

"वापरलेल्या? आज सकाळच्या ताज्या हायत!"

टॉवेल गुंडाळून धावत आलेला परेश रडकुंडीला आला. "आये, त्या कोरडेपणाचेच तर पैसे मिळतात!"

मालूताईने शांतपणे एक टोपी पदराने खसखसून पुसली. ती पुन्हा निस्तेज झाली, तसा गिऱ्हाईकाचा चेहरा उजळला.

"बग, आता कशी शिळी दिसते," मालूताई म्हणाली. "काढ आठ हजार. बाकीच्या घरी जाऊन पूस."