उजव्या कप्प्याची छापील ओळ

चाकणकडच्या कंपन्यांना वर्षातून एकदा आठवडाभर शटडाऊन असतं. त्यात मशीनची दुरुस्ती होते आणि माणसांचीही. हर्निया, मूळव्याध, पित्ताचे खडे, वर्षभर अंगावर काढलेलं सगळं त्याच आठवड्यात उरकायचं, कारण रजा जात नाही. मोशीच्या एका लहान हॉस्पिटलात मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करते. त्या आठवड्यात दाराबाहेर रांग लागते, आणि सर्जन मंडळींना माझ्याकडून एकच शब्द हवा असतो: फिट.

त्याची सोयही करून ठेवलेली. रिपोर्टचा नमुना कॉम्प्युटरमध्ये तयार असतो. डाव्या कप्प्याचे आकडे तेवढे भरायचे, 'उजवा कप्पा नॉर्मल' ही ओळ आधीपासूनच छापलेली. उजव्याला विचारतो कोण! फुफ्फुसात रक्त ढकलणारा तो कप्पा दुबळा असेल तर भूल दिल्यावर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. पण तो नीट बघायला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून बघायचाच नाही. त्या ओळीचा मला आजही संताप येतो.

गेल्या शटडाऊनमध्ये महाळुंग्याच्या एका फाउंड्रीत ग्राइंडिंगवर, म्हणजे लोखंड घासायच्या धुळीत, काम करणारे, लातूरकडचे पन्नाशीचे गृहस्थ आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. पायांवर सूज दिसली, म्हणून विचारलं.

"उभ्यानं काम हाय मॅडम, त्यानं सुजतंय."

मला ते पटलं नाही. छातीवर प्रोब फिरवून उजवी बाजू नीट बघितली. कप्पा चांगलाच फुगलेला. त्याच्या झडपेची कड दर ठोक्याला पुढे सरकायला हवी, ती जेमतेम हलत होती. फुफ्फुसांतला दाबही वाढलेला. इतकी वर्षं धूळ ओढल्यावर दुसरं काय होणार?

मी सर्जनना फोन लावला. उद्या नको, म्हटलं. आधी फुफ्फुसांचे डॉक्टर, औषधं, मग पुन्हा इको. ते उखडले.

"अहो मॅडम, डावा पंप चांगला आहे ना? साधं पित्ताशय आहे. टाका लिहून."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोटात गॅस भरणार तुम्ही, श्वास मशीनवर देणार, तो सगळा भार त्या थकलेल्या कप्प्यावर, आणि मी लिहून टाकू? फोन ठेवला. छापील ओळ खोडली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: सध्या ऑपरेशन करू नये.

चिडले ते गृहस्थही, आणि माझ्यावरच. "आता सुट्टी कुठून आणू मी? पुढच्या शटडाऊनपर्यंत पोट धरून बसू का?" मी समजावत होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"गेल्या साली हर्निया केला, तवा तर समदं नॉर्मल होतं की."

रिपोर्ट आमच्याच हॉस्पिटलचा होता. 'उजवा कप्पा नॉर्मल' ही ओळ तशीच, आणि खाली सही माझी होती. इतका वेळ सर्जनवर काढलेला राग कुठे ठेवावा कळेना. त्यांनीच विचारलं, "तवा बघितलंच न्हाई का तुमी?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं."

ते पुन्हा टेबलावर चढून आडवे झाले आणि शर्टाची बटणं सोडत म्हणाले, "मग आता परत एकदा बघा. समदं बघा."