दोन माणसांची बोट

नोव्हेंबरातला पहिला रविवार, दुपारचे चार. रक्कम माणशी साडेचार हजार, चौघांचे अठरा हजार. हजर — मी, माझी बायको वसुधा, मुलगी सायली, माझा मित्र सॅम्युअल सोनवणे आणि त्याची बायको रूथ. ठिकाण आमचं आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर. एवढं सांगताना माझी जीभ अडखळत नाही, कारण यात लपवण्यासारखं काही नाही. त्या दुपारी मी एक वाक्य बोललो. ते खोटं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — वसुधालासुद्धा नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच बहुधा जमतं आहे.

सहल अशी होती. दिल्लीहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर गंगेचं खादर आहे — नदीकाठचा सखल, दलदलीचा पट्टा. मैलोन्‌मैल वेत, पाणगवत, मधूनमधून उघडं पाणी. तिथे दोन माणसांच्या लांबट बोटी वल्हवत दिवसभर आत जायचं, एका कोरड्या उंचवट्यावर तंबू ठोकून रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत. गुरुग्रामची एक बाई अशा सहली नेते. सहल ठरवली मी. मला पोहता येत नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की मी काठाकडे वळतो. तरी मीच ठरवली — का, ते सांगतो.

सायलीला बंगळुरूला नोकरी लागली होती. फेब्रुवारीत ती जाणार होती. जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार एवढाच हाताशी उरला होता. आणि सायलीला पाण्याचं वेड. ते वेड तिला सॅमने लावलं.

सॅम माझ्या ऑफिसातला, बावीस वर्षांपासूनचा मित्र. मूळचा नगरकडचा, प्रवरेच्या काठी वाढलेला. मोठं पोट, मोठं हसू. आमच्या मागच्याच ओळीत त्याचं क्वार्टर. सायली सात वर्षांची असताना तिला पोहायला त्याने शिकवलं. तो पाण्यात उभा राहून हात पसरायचा, ती उडी मारायची. मी काठावर टॉवेल धरून बसायचो. दिल्लीत वाढलेल्या पोरीला ‘वल्हं’ हा शब्दसुद्धा त्यानेच दिला, मी नाही. सॅम आणि रूथला मूल नाही. हे मी दया म्हणून सांगत नाही. हिशेबात यायला हवं म्हणून सांगतो.

मला वाटलं होतं, टॉवेल धरून बसणाऱ्याने एकदा तरी पाण्यात उतरावं. आणि ते तिने पाहावं. एवढंच. यात काही वाईट होतं का? नव्हतं. वाईट पुढे आहे.

त्या रविवारी मी सगळी तयारी वाचून दाखवत होतो. तंबू किती, पिण्याचं पाणी माणशी किती, पहाटे पारा कुठवर उतरेल, विजेऱ्या, कोरड्या मोज्यांचे जादा जोड. सॅम भजी खात म्हणाला, “हिशेबनीस, मगरींची हजेरी घेतलीस का? कोण रजेवर, कोण ड्यूटीवर?” सायली खिदळली. मी बोटींवर आलो. दोन बोटी, चार माणसं. रूथ पाण्याला घाबरते, ती येणार नव्हतीच. मी कोण कुणाबरोबर ते सांगायला तोंड उघडलं आणि सायली म्हणाली, “मी सॅमकाकांबरोबर!”

तिने क्षणभरही विचार केला नाही, हे मला लागलं. वसुधा म्हणाली, “म्हणजे तुम्ही माझ्या बोटीत. अहो, लग्नात सात पावलं चाललात, आता सात किलोमीटर वल्हवा.” सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता म्हणालो, “एक अडचण आहे. बोटीत माणशी वजनाची मर्यादा आहे. पंच्याऐंशी किलो.”

अशी मर्यादा नव्हती. बाईने मला फोनवर सगळं सांगितलं होतं — दोघं आणि सामान धरून एक बोट अडीचशे किलो सहज नेते. मी तो आकडा स्वतः विचारून घेतला होता. सॅमचं वजन होतं चौऱ्याण्णव, सायलीचं बावन्न. तुम्हीच बेरीज करा.

अनवधानाने निघालं असेल, असं तुम्हाला वाटेल. कधीकधी मलाही तसं वाटून घ्यावंसं वाटतं. पण मग पंच्याऐंशीच का? शंभर म्हटलं असतं, तर सॅम बसला असता. ऐंशी म्हटलं असतं, तर मी बसलो नसतो — माझं वजन ब्याऐंशी. एका हसण्यात मी हा सगळा हिशेब केला होता. अनवधानाने निघालेला शब्द इतका नेमका नसतो.

मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे यार, तुम्ही जा. तो तसं म्हणाला नाही. पोटावर हात फिरवत म्हणाला, “अच्छा, म्हणजे नऊ किलो इथेच ठेवून जायचे. रूथ, सांभाळशील ना?” रूथ म्हणाली, “सांभाळते की. ते नऊच जरा शांत असतील.” मग त्याने मला विचारलं, “कधीपर्यंत उतरवायचे?”

बघा — माझा आकडा खरा आहे का, हे त्याने विचारलं नाही. मी सांगितला म्हणजे खराच, असं ऑफिसात आणि घरात सगळे धरून चालतात. उभ्या आयुष्यात कमावलेली तेवढीच एक पत. ती मी तिथे वापरली.

त्याने भात सोडला. साखर सोडली. नोव्हेंबरातली दिल्लीची हवा तुम्हाला माहीत असेल. त्या धुरकट सकाळी तो तोंडाला मास्क लावून कॉलनीला फेऱ्या घालायचा. आमच्या बाल्कनीखालून जाताना हाक मारायचा, “हिशेबनीस! एक गेला, आठ राहिले!” आणि मी वरून हात हलवायचो. सायली त्याच्याबरोबर चालायला जाऊ लागली. म्हणजे ज्या पोरीला मला त्याच्यापासून दोन दिवस वेगळं काढायचं होतं, ती आता रोज तासभर त्याच्यासोबत होती. मला हसू यायला हवं होतं. आला तो राग — आणि तोही त्याच्यावर.

नाताळात आम्ही दरवर्षी त्यांच्याकडे जेवतो. रूथच्या करंज्या आणि केक यांची सॅम महिनाभर आधीपासून वाट पाहतो. त्या वर्षी तो काकडीच्या फोडी घेऊन बसला. सगळ्यांना आग्रह करत होता. माझ्या बशीत त्याने दुसरी करंजी घातली. मी ती खाल्ली.

तेव्हा बोलता आलं नसतं का? खरं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. “बाईचा फोन आला होता, मर्यादा वाढवली आहे” — एवढं दुसरं खोटं बोललो असतो, तरी पहिलं धुऊन निघालं असतं. त्याने केक खाल्ला असता. मी तेवढंही केलं नाही.

जानेवारीच्या मध्यावर सॅम आणि सायली सरोजिनी नगरला गरम कपडे आणायला गेले. बाजाराच्या तोंडाशी फूटपाथवर एकजण वजनाचं मशीन घेऊन बसतो. दोघं धावतच घरी आले. सायली दारातूनच ओरडली, “बाबा! काका चौऱ्याऐंशी! बूट घालून!” सॅम तिच्यामागे उभा होता. पट्ट्याला त्याने नवीन भोक पाडून घेतलं होतं, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक बाजूला लोंबत होतं. माझ्याकडे तो असा पाहत होता, जसा एखादा मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन उभा असतो. पन्नाशी उलटलेला माणूस.

मी म्हणालो, “सामान धरून पंच्याऐंशी.”

मग मीच बोलत राहिलो — लाइफ जॅकेट, स्लीपिंग बॅग, पाणी, हिवाळ्यातले कपडे. मी नीट आकडे देत होतो. आकडे बरोबर होते; त्या हिशेबाने ब्याऐंशीचा मीही बसत नव्हतो, पण ते कुणी ताडून पाहिलं नाही.

सायली म्हणाली, “बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” तिला उत्तर सॅमने दिलं. “त्याच्या ध्यानात नसेल आलं गं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “राहू दे यार. पोरीच्या बोटीला माझा भार नको.” आणि तिच्यासाठी घेतलेले लोकरीचे हातमोजे टेबलावर ठेवून घरी गेला.

आम्ही तिघं गेलो. काठावर धुकं होतं. वसुधा गाडीतून सामान काढत होती. बाईने बोटीवर थाप मारली आणि सायलीला म्हणाली, “डबल बोट है, ढाई सौ किलो तक ले जाती है. सामान की टेंशन मत लीजिए.” बाईच्या दृष्टीने ते काहीच नव्हतं, सगळ्यांनाच सांगत असेल. सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी लाइफ जॅकेटचा बंद आवळत राहिलो. तो आधीच आवळलेला होता.

वसुधा बाईच्या बोटीत बसली. सायली माझ्या पुढे. मला हवं होतं ते मिळालं — ती, मी आणि चहूकडे पाणी. पण दोन माणसांच्या बोटीत मागच्याला पुढच्याची पाठ दिसते. दिवसभर मी तिची पाठ पाहिली. एका वळणावर वेताच्या बेटापाशी सारसांची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच. तिने दाखवायला हात वर केला. मग तसाच खाली घेतला आणि पुन्हा वल्हं धरलं. माझी भीती तर मी विसरूनच गेलो होतो. मी पाण्यात उतरलो होतो आणि ती पाहत नव्हती.

उंचवट्यावर तंबूची दोरी बांधताना तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणालो, “नव्या बोटी आणल्या असतील त्यांनी.”

तिने दोरी ओढली, गाठ मारली आणि पुढच्या खुंटीकडे गेली. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. रात्री ती आईच्या तंबूत झोपली. सॅमच्या नावाने ठेवलेला तंबू मोकळा होता, त्यात मी झोपलो.

तिने सॅमला सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे, कारण तो अजून माझ्याशी बोलतो. दर रविवारी ती बंगळुरूहून त्याला फोन करते, मग आम्हाला. ती गप्प राहते ते माझी लाज झाकायला की त्याचं मन राखायला, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं कोणत्या तोंडाने?

आणि एक गोष्ट राहिली. गेल्या वर्षी सॅम निवृत्त झाला आणि दोघं नगरला परत गेले. निरोपाच्या जेवणाला तो उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, “या हिशेबनिसाच्या बोटीने माझी शुगर उतरवली. बोट मिळाली नाही, पण माणूस वाचला!” टाळ्या पडल्या. सायली रजा काढून आली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, सॅमकडे पाहत. त्या टाळ्यांच्या आड मी बरेच महिने लपलो आहे — त्याचं भलंच झालं ना, असं स्वतःला सांगत. झालं. ते त्याच्या चालण्याने झालं, त्याच्या भूक मारण्याने झालं. मी ते वाक्य त्याच्या भल्यासाठी बोललो नव्हतो. ते माझ्या खात्यावर जमा होत नाही.

पैशांचं असं झालं. गुरुग्रामच्या बाईला तिघांचे साडेतेरा हजार, आणि सॅमची जागा रद्द झाल्याचे नऊशे तिने नियमाप्रमाणे कापले. मिळून चौदा हजार चारशे. उरलेले छत्तीसशे घेऊन सहलीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सॅमच्या घरी गेलो आणि नऊशे का कमी आहेत ते त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “बिल्कुल. हिशेब म्हणजे हिशेब.” मग विचारलं, “पोरीने वल्हं नीट मारलं ना?” मी हो म्हणालो. छत्तीसशे त्याने न मोजता खिशात ठेवले. नऊशे त्याच्या पैशांतून गेले.