मी सही केलेली पेटी

शनिवारी सकाळी आर्याच्या शाळेत भांडायला गेलेले. खोटं कशाला बोलू... अगदी पदर खोचूनच गेलेले.

आर्या माझी धाकटी. शहाडजवळच्या सरकारी मराठी शाळेत सातवीला आहे. मी घरी ब्लाउज शिवते आणि शाळेच्या पालक समितीवरही आहे. समितीवर यायला कुणी तयार नसतं आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी लायकी.

तर गेल्या आठवड्यात आर्या कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढत होती. सूक्ष्मदर्शकातून दिसतो तशी. किती सुरेख काढलीन! मी सहज विचारलं, तू बघितलंस का गं त्यातून? तर म्हणे, नाही, आमच्या शाळेत नाहीच आहे... पुस्तकात बघून काढतात सगळे.

माझा हात मशीनवरच थांबला. कारण सूक्ष्मदर्शक आलेला होता. माझी मोठी, पूजा, याच शाळेत सहावीला होती, तेव्हाही मी समितीवर होते. सरकारकडून विज्ञानाची पेटी आली आणि एका कागदावर मी सही केलेली. 'साहित्य मिळाले व वर्गात वापरात आहे.' दिवाळीची शिलाई अंगावर होती, म्हणून उभ्या उभ्याच सही ठोकली.

म्हटलं, झालं... खाल्लं कुणीतरी मधल्यामध्ये. पोरांच्या नावाने येतं आणि कुणाच्या तरी घरात जातं. रात्रभर नुसता संताप.

शनिवारी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या समोर बसून मी सगळं बोलून टाकलं. मी तोंडाची फटकळ आहेच. पेटी विकली की काय, इथपर्यंत बोलले. बाई उठल्या. ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि खुर्चीमागचं कपाट उघडलं.

पेटी तिथेच होती. वरची चिकटपट्टीसुद्धा तशीच. बाजूला यादी चिकटवलेली, यादीखाली तेच 'वापरात आहे' आणि त्याखाली... माझी सही.

माझं सगळं भांडण तिथेच संपलं.

मग बाई सांगायला लागल्या. आधीच्या शाळेत त्यांनी असंच सामान वर्गात काढून दिलेलं. वापरताना काही नग फुटले. बदली झाली तेव्हा चार्ज देताना नोंदवहीत जेवढे नग, तेवढे कपाटात हवेत म्हणून त्यांचे कागद अडवले. तीन महिने ऑफिसात खेपा घातल्या आणि शेवटी स्वतःच्या पैशांनी भरून दिलं. इथे आल्या, तर पेटी बंदच मिळाली. त्यांनीही ती तशीच ठेवली. आता त्यांच्या रिटायरमेंटला सात महिने राहिलेत.

"चोरी नाही झाली हो, आर्याची आई. फुटू नये म्हणून जपलं," एवढंच म्हणाल्या. डोळे भरून आलेले त्यांचे. माझा राग कुणावर काढायचा तेच कळेना. न वापरल्याचं कुणी विचारत नाही, फुटल्याचं मात्र सगळे विचारतात... मग माणूस कुलूपच लावणार ना!

मी समितीची वही मागितली. त्यात लिहिलं, की हे सामान वर्गात वापरावं आणि वापरताना फुटलं तर जबाबदारी समितीची. सही केली. या वेळी वाचून. बाई म्हणाल्या, ऑफिसात हे कितपत चालेल ठाऊक नाही. म्हटलं, मलाही नाही. त्यांनी मी लिहिलेलं परत एकदा वाचलं... मग म्हणाल्या, "कात्री आहे का तुमच्याकडे?"

माझ्या पिशवीत शिलाईची कात्री होती. कापडाशिवाय तिने काही कापायचं नाही, धार जाते, यावरून मी पोरींना फटके दिलेत. त्याच कात्रीने पेटीची पट्टी कापली.

बाटल्यांमधलं औषध वाळून गेलेलं. सूक्ष्मदर्शक मात्र नवाकोरा. समोरच्या भाजीवालीकडून कांदा आणला आणि सातवीच्या वर्गात रांग लागली. एरवी गोंधळ घालणारी पोरं, पण एकेक जण श्वास रोखून बघत होता.

आणि तेवढ्यात एकीच्या हातून कांद्याचा पापुद्रा ठेवलेली काचपट्टी पडली. फुटली. सगळा वर्ग मोठ्या बाईंकडे बघायला लागला... मीसुद्धा.

बाई पुढे आल्या. "लागलं नाही ना गं?" एवढंच विचारलं. मग स्वतः काचा गोळा केल्या, नोंदवही मागवली आणि लिहिलं, 'वर्गात वापरताना फुटली.' मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी आल्यावर पूजाला सांगितलं. ती आता बारावीला आहे, कॉमर्सला. दहावीनंतर सायन्स घे म्हटलं, तर म्हणालेली, ते आपलं काम नाही गं आई. मी तेव्हा मानही डोलावली होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. "आमच्या वेळी पण होती ती पेटी?" मी हो म्हटलं. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती आर्याजवळ जाऊन बसली आणि हळूच विचारलं, "कसं दिसतं गं खरं?"

आर्या तिला वहीत काढून दाखवत होती. पुस्तकात असतं तसं सरळ नसतं ताई, वेडंवाकडं असतं...

बाईंचे उपकार आहेतच. पण पूजा, तू हे वाचशील म्हणून लिहिते... त्या कागदावर सही करायच्या आधी मी फक्त तुझ्या वर्गात डोकावून यायला हवं होतं. चार पावलांवर तर होता.