आबासाहेबांची गूळतुला

आता घरोघरी डाएट आलं. माझी नातसून सकाळी काकडीच्या चकत्या मोजून खाते आणि मलाच सांगते, "आजी, वजन मेंटेन करावं लागतं." वजनाचे किस्से हिनं मला सांगावे! किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. वाळलेले पापड गोळा करायला माळवदावर जावं, तर वाऱ्यानं आलेले शेजारणीचे चार त्यात निघतातच. माझ्या टोपलीत एकट्या आबासाहेबांचेच इतके निघाले, की टोपली भरली.

*

महाराष्ट्र नवा होता, निवडणुका नव्या होत्या. अमडापूरकडच्या आमच्या गावात आबासाहेबांचं कापसाचं जिन जोरात चालायचं. देह असा, की आबा खुर्चीतून उठले की खुर्चीही सोबत उठायची!

प्रचाराच्या सभेत आबा माईकवर गरजले, "निवडून आलो, तं माह्या वजनाइतका गूळ बालवाडीच्या लेकराईले देईन!"

बालवाडी माझी. एका रिकाम्या गोठ्यात भरायची. भिजवलेले हरभरे आणि गूळ असला की लेकरं यायची, गूळ संपला की आयांच्या मागं वावरात जायची. आबांचं पोट पाहून पहिली टाळी मीच वाजवली. मनात म्हटलं, चला, वर्ष निघालं!

आबा निवडून आले. मी विचारलं, "आबा, गूळतुला कधी?"

पोटावरून हात फिरवत म्हणाले, "करू ना, काकू. पण आधी जरा तब्येतीकडे पाहतो."

निवडून येईस्तोवर या माणसाला आपल्याला तब्येत आहे हेच माहीत नव्हतं!

*

मग पुण्याहून निसर्गोपचारवाले गुरुजी आले. आबांच्याच ओसरीवर उतरले. गावापुढं भाषण झालं. "कोंड्यासकट भाकरी खा. पालेभाजी खा. तेल-तूप कमी करा. एक वेळ पोट रिकामं ठेवा. भरपूर चाला!"

निंदण-खुरपण करणाऱ्या बायांतून सोनाबाई उठली. "गुरुजी, हे तं आमी लगन झाल्यापासून करूनच राह्यलो. आमाले रोग कोनता होता, तेवढं सांगा!"

गुरुजींचं पुस्तक मी नंतर अख्खं वाचलं. मी शाळेत गेले नाही, अक्षरं पुडीच्या कागदांवर शिकले, पण हाती घेतलेलं शेवटपर्यंत वाचते. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त अंबाडीची भाजी खायला पुण्याची परवानगी लागते, हे मला नवीन होतं.

*

आबांनी घरातला चहा बंद केला. कामासाठी येईल त्याच्या हातात कारल्याच्या रसाचा पेला. रस्ता मागायला आलेला कारलं प्यायचा, विहीर मागायला आलेला कारलं प्यायचा. पंधरवड्यात ओसरी ओस पडली.

आबा मीटिंगमध्ये छाती काढून म्हणाले, "माह्या भागात आता कोनाची तक्रारच नाही!"

*

गुरुजींनी पोटावर मातीची पट्टी सांगितली. माती म्हणजे आपली काळी, वावरातली. आबा अंगणात उघडे पडले आणि गड्यानं पोटावर जाडसर थर दिला. ऊन चैत्राचं. घटकाभरात माती वाळली आणि पोटावर ह्या एवढाल्या भेगा पडल्या!

गडी टोपली धरून उभाच. म्हणाला, "मालक, हलू नका, ढेकळं निघतीन. अन् पेरनीचं काय करता? पाऊस पाहू का?"

*

एक खरं, आबा वाळत चालले. गाव म्हणे, काय निग्रह! मीही म्हणत होते, देवाशपथ. मग एका बाजाराच्या दिवशी मी जिनात गेले. आबा कापसाच्या काट्यावर बसले होते आणि मुनीम वजनं उतरवत होता. मी दाराआड होते.

आबा काट्यावरून उडी मारून उतरले आणि मुनिमाच्या पाठीवर थाप मारली. "अजून दोन भेल्या वाचल्या बे!"

भेली म्हणजे गुळाची ढेप. माझ्या लेकरांची!

*

संतापून तशीच त्यांच्या घरी गेले. चुलीपुढं आबांची बायको, कमळा. मी तिला ओळखलंच नाही. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी वाऱ्यानं हलायची.

"काऊन वं कमळा? गाल कुठून आणले?"

लाजली. आमच्याकडे बाईनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं. इतकी वर्षं ती जेवली. पण आबांच्या मागं ताटात उरायचं काय? मीठ, आणि लिंबाची साल! सासूचा हुकूम मात्र कायम होता. पोळ्या तितक्याच, तूप तितकंच, वरणावर धार तितकीच, ताट घरधन्याच्या इतमामाचं. आबा आता गाजर चावून उठायचे.

"टाकून देणं पाप आहे नं, काकू," कमळा म्हणाली.

माझा संताप कुठल्या कुठं पळाला. उलट्या पावली जिनात गेले आणि गोड आवाजात म्हटलं, "आबा, किती बारीक झालात! आता मुहूर्त काढाच."

"हाव काकू! उद्याच्याले काढतो!"

*

जिनाच्या अंगणात मोठा काटा टांगला. सारं गाव जमलं, लेकरं पुढं. पूजा जोडीनं झाली, म्हणून आबांच्या उपरण्याला कमळाच्या पदराची गाठ. पूजा आटोपली तसे आबा गाठ सोडायला लागले.

"अं हं!" मी ओरडले. "दान हातून सुटेस्तोवर गाठ सुटत नसते. का हो भटजी?"

भटजींनी आबांकडे पाहिलं. मग गुळाकडे पाहिलं. त्यांची दक्षिणाही त्या गुळातलीच होती. म्हणाले, "शास्त्र तसंच आहे."

आबा पारड्यात बसले. गाठ ताणली गेली, कमळा वाकून उभी राहिली.

"अशी किती वाकशील? बस वं!" मी म्हटलं.

कमळा त्याच पारड्यात बसली.

पारडं जमिनीला असं टेकलं, की धूळ उडाली. हमाल समोरच्या पारड्यात भेल्या ठेवू लागले. काढून ठेवलेल्या संपल्या, काटा हलेना. मुनीम बाजारातून आणखी घेऊन आला. त्याही संपल्या. दर भेलीला लेकरं ओरडत होती. गुरुजी खाली मान घालून आपल्या चपला शोधत होते.

आबा दात आवळून पुटपुटले, "कमळे! केवढं हे वजन!"

कमळानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्याच ताटातलं हाये जी. म्या माहेरून काईच नाही आनलं!"