तंगूस भरताना

सात रस्त्याजवळच्या आमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर राहणारे काका फार कमी बोलतात. तलावावर गळ टाकून परत आल्यावर मासा मिळाला का विचारलं, तरी "बघू" म्हणतात.

मध्यंतरी त्यांनी गळासाठी नवीन रीळ मागवलं. वापरण्याआधी त्यावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, घट्ट भरावा लागतो, आणि तंगुसाची फिरकी दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीवर अडकवून धरावी लागते. हे काम एरवी माझं. पण तेव्हा माझा हात प्लास्टरमध्ये होता.

काकांनी त्यांच्या समोरचं दार वाजवलं. तिथं त्यांचा धाकटा भाऊ राहतो. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"पेन्सिल धरतो का जरा?"

"धरतो की."

दोघं जिन्यात बसले.

"ताण ठेव."

"ठेवलाय की."

रीळ भरलं. काकांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मला ते चांगलं घट्ट वाटत होतं.

"सैल बसलंय," काका म्हणाले आणि सगळा तंगूस परत सोडायला लागले.

भावानं नीट मांडी घातली आणि दोघांचा चहा ठेवायला आत सांगितलं.