कमलताईंच्या उंचीवरून

"सरक जरा," म्हणत चाचा माणसाला बाजूला करत आणि त्याच्या जागी स्वतः उभे राहत. कुणाचं काम बिघडलं की आधी हे. ओरडायचं की नाही, ते नंतर. संगमनेरजवळच्या आमच्या डेअरीत ते सुपरवायझर, मी दूधतपासणीला. एकदा बॉयलरपाशी इतका वेळ उभे राहिले, की बॉयलरलाच घाम फुटला. खोटं वाटत असेल तर बॉयलरला विचारा.

चाचांची उंची सहा फूट. मी सात सांगतो.

तीन नंबरच्या मशीनवर कमलताई आल्या आणि गळक्या पिशव्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. मशीनमधून पडलेली पिशवी उचलायची, सील बघायचं, क्रेटमध्ये ठेवायची, एवढंच काम. पण कच्च्या सीलच्या पिशव्या त्यांच्या नजरेतून सुटत. आमचा टेम्पो पुण्यापर्यंतचा रस्ता पांढरा करत जाई म्हणा ना!

साहेब म्हणाले, "आधीचा माणूस याच मशीनवर नीट काम करायचा. सोमवारपासून बाई नकोत."

कमलताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"एक पाळी मला द्या," चाचा म्हणाले.

ते तिथं उभे राहिले. सगळं ठीक दिसलं. मग त्यांनी कमलताईंकडे पाहिलं. त्या जेमतेम त्यांच्या छातीला लागत होत्या. चाचांनी गुडघे वाकवले आणि तसेच पिशव्या उचलू लागले.

"चाचा, अंडं घालताय का काय?" बायका खिदळल्या.

"गप गं! काम करतोय."

तासाभरानं त्यांनी साहेबांना बोलावलं. "साहेब, जरा बुटके व्हा."

साहेब वाकले. समोरच्या खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत. पिशवीवर नुसती चकाकी.

"सील दिसतंय?"

"नाही."

"तिलाबी न्हाई दिसत. आधीचा गडी उंच हुता." चाचा कमलताईंकडे वळले. "अगं, बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, माझेच डोळे गेले. सांगितलं असतं तर घरीच बसवलं असतं ना, चाचा?"

शिडी आणून चाचांनी स्वतः दिवा हलवला. गळती थांबली, कमलताई राहिल्या. चाचा पुढं आठवडाभर कंबर धरून चालत होते. मी महिना सांगतो.

यंदा ते निवृत्त झाले. हार नको, भाषण नको, कुणी जागा सोडायची नाही, हा त्यांचाच हुकूम. भर पाळीत त्यांची मोटारसायकल फाटकाबाहेर पडली. हॉलमधली सगळी मशीनं चालू होती, फक्त तीन नंबरचं मिनिटभर बंद.

साहेब त्या मशीनशेजारीच उभे होते. त्यांनी कारण विचारलं नाही.