डेल्बर्ट स्प्रेगचा कॉफीचा डबा

हरून उठावं तर डेल्बर्ट स्प्रेगसारखं. पोकरमध्ये समोरची पैशांची शेवटची चकती गेली की तो खुर्ची नीट आत सरकवायचा, टोपी डोक्यावर ठेवायचा, जिंकलेल्या माणसाला "छान खेळलास हं" म्हणायचा आणि शर्टाच्या खिशात आधीच बाजूला ठेवलेला एक डॉलर माझ्यापुढे सरकवायचा. "नोरीन, तू पत्ते वाटतेस, नशीब नाही," एवढं वर सांगायचा. मग रस्ता ओलांडून मेंढपाळ म्हणून आलेल्या बास्क लोकांच्या खानावळीत जायचा आणि लसणाचं सूप ब्रेड बुडवून खायचा. तिथली वाढणारी म्हणे की हरलेल्या दिवशी तो दोन वाट्या पितो, जिंकलेल्या दिवशीही दोनच.

आमच्या एल्को गावातल्या सिल्व्हर सेज कॅसिनोत मी पोकरचे पत्ते वाटते. माणूस हरला की आत काय आहे ते बाहेर येतं, हे मी तिथं फुकटात शिकले. लोकांनी माझ्या आईचा उद्धार केलाय, खुर्च्यांना लाथा मारल्यात. एक चांगला शिकलेला दंतवैद्य तर इस्पिकची राणी कडाकडा चावला होता. आमचं टेबल काही लखपतींचं नव्हे. शंभर डॉलर घेऊन बसायचं, सकाळभर बसायचं, गावच्या गप्पा मारायच्या. तरी शंभर डॉलर गेले की काही लोकांना राज्य गेल्यासारखं वाटतं.

डेल्बर्टचं आयडाहो स्ट्रीटवर कटिंगचं दुकान होतं. खाणकामगार, गुराखी, शेरीफ, सगळ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेली. कटिंगचे पैसे घरी जायचे आणि गिऱ्हाईक वर जी टिप ठेवायचं ती कॉफीच्या एका लाल डब्यात. मंगळवारी त्या डब्यातून शंभर काढायचे आणि पोकरला यायचं, असा त्याचा नेम. संसारातला एक सेंट कधी डब्यात गेला नाही. एटीएममधून आणखी पैसे काढायला उठलेला डेल्बर्ट मी एकदाही पाहिला नाही.

त्याचं खेळायचं शास्त्रही कटिंगचंच. "आधी डोकं नीट बघायचं, मग थोडंच कापायचं. जास्त कापलं तर परत चिकटवता येत नाही," असं म्हणून तो दहातले आठ डाव पत्ते टाकून द्यायचा. बोलायची पाळी शेवटी असेल तेव्हा मात्र खेळायचा. "सगळे बोलून झाले की मग आपण तोंड उघडावं. घरी मी हेच करतो," म्हणायचा.

त्याच्या शेजारी कायम मॅक्सीन. तिनं जन्मभर शाळेची बस चालवली आणि आवाज अजून तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"डेल्बर्ट, जिवंत आहेस का रे? की फुलं मागवू?"

"थांब गं. डोकं बघतोय."

"बघ बघ. तोवर टक्कल पडेल त्याला."

एकदा काळ्या चष्म्यातला एक हुशार गडी एका पाहुण्या बाईला शिकवायला लागला की तुम्ही ह्या पत्त्यांवर पैसे लावायलाच नको होते. बाईनं त्याच पत्त्यांवर त्याला धुतलं होतं. बाई ओशाळून उठायला लागल्या. डेल्बर्ट त्या गड्याला हळूच म्हणाला, "बाळा, माझ्या दुकानात आलेल्याला मी कधी सांगितलं नाही की तुझं डोकं वाकडं आहे." बाई हसल्या आणि परत बसल्या. टेबल अशा माणसांवर चालतं, शहाण्यांवर नाही.

दुकान बंद करून डेल्बर्ट घरी बसला तेव्हा त्याच्या बायकोनं, अर्डिथनं, एक करार केला. आता टिप बंद. डब्यात आहे तेवढ्यावर खेळ, जिंकलास तर त्यातच टाक. पण डबा रिकामा झाला की पोकर संपलं, आणि मंगळवारी दुपारी माझ्याबरोबर नाचायला यायचं. चर्चच्या हॉलमध्ये चार-चार जोड्यांचा चौकोनी नाच चालतो, तिथं बायका रग्गड आणि पुरुष औषधापुरते. जोड्या जुळवायला अर्डिथ दंडाला निळी पट्टी बांधून वर्षानुवर्षं पुरुष होत होती. डेल्बर्टनं हसत हसत होकार दिला, कारण तेव्हा डब्याचं झाकण लागत नव्हतं.

मग मागच्या हिवाळ्यात त्याचे दिवस फिरले. चांगले पत्ते यायचे आणि शेवटच्या पानावर मार खायचे. खेळ त्याचा तोच होता, मी शपथेवर सांगते. पण पत्त्यांना कुणाची कदर नसते. मंगळवारमागून मंगळवार तो खुर्ची आत सरकवून सूप प्यायला जात राहिला. मार्चमध्ये एका सकाळी, रूबी डोंगरांवर अजून बर्फ होतं, तो चकत्या मांडत म्हणाला, "डब्यात आता फक्त कॉफीचा वास उरलाय. हे शेवटचे शंभर."

मॅक्सीननं आपल्या चकत्या उगाच दोनदा मोजल्या.

आता तो डाव सांगते. खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून उघडे, ज्याची पाच पानं भारी त्याचा मधला ढीग. डेल्बर्टला दोन राजे आले. मध्ये तिसरा राजा पडला, बदामचा. तो त्याच्या पद्धतीनं थोडं थोडं लावत गेला आणि बाकीचे गळाले. राहिली मॅक्सीन. ती दर वेळी तेवढंच भरत मागे येत होती. मधलं शेवटचं पान मी उघडलं, ती बदामची दुर्री. त्याबरोबर मध्ये तीन बदाम झाले. डेल्बर्टपुढे चाळीस डॉलर उरले होते. त्यानं त्या दुर्रीकडे बघितलं, मॅक्सीनकडे बघितलं आणि टेबलावर बोटं वाजवली. म्हणजे मी काही लावत नाही, तू बोल.

मॅक्सीननंही बोटं वाजवली.

डेल्बर्टनं तीन राजे दाखवले. मॅक्सीननं उघडला बदामचा एक्का आणि बदामचा गुलाम. मधल्या तीन बदामांसकट पाच बदाम, वर एक्का. ह्याच्यावर त्या डावात काहीच नव्हतं. ढीग तिचा झाला, तो काही तिनं सोडला नाही, इतकी ती भली नाही. पण त्याचे शेवटचे चाळीस मात्र तिनं जाणूनबुजून वाचवले होते.

आमच्याकडे ह्याला मनाई आहे. पाळी शेवटची असेल आणि हातात कुणालाच न हरणारे पत्ते असतील, तर नुसती बोटं वाजवून चालत नाही, पैसे लावावेच लागतात. मित्र आहे म्हणून हातचं राखून खेळलं तर ते बाकीच्यांशी कपट धरतात. मला बोलावंच लागलं. आमचा साहेब आला, त्यानं मॅक्सीनला एक फेरी बाहेर बसायला सांगितलं.

"मला बदाम दिसलेच नाहीत," मॅक्सीन म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

डेल्बर्टचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"नंबर वाढलाय? शेवटच्या बाकावर कुणी च्युइंगगम चिकटवलं ते तुला आरशात दिसायचं! तू माझी कीव केलीस."

"केली! मग? तू गेलास तर मी मंगळवारी कुणाला बोलू? त्या काळ्या चष्म्याला?"

"मी कधी तुझ्याकडून फुकट घेतलंय काही?"

"अरे म्हाताऱ्या, चाळीस डॉलर आहेत. किडनी नाही दिली तुला!"

त्यानं त्या चाळीसच्या चकत्या उचलून सरळ तिच्या ढिगाकडे ढकलल्या. मी मध्ये हात घातला. "डेल्बर्ट, अशा चकत्या देता येत नाहीत. त्यालाही मनाई आहे. तुलाही बाहेर बसवू का?"

टेबल खो खो हसलं. डेल्बर्ट हसला नाही. "मग मी करू काय ह्यांचं?"

"घरी घेऊन जा," मी म्हणाले. "डब्यात टाक. डबा रिकामा नाही, पुढच्या मंगळवारी ये." आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं. तो उठला असता तर एकानंही बोट दाखवलं नसतं.

त्यानं चकत्यांकडे बघितलं. "मॅक्सीन परत बसेपर्यंत थांबतो," म्हणाला आणि चकत्या पुन्हा रचून ठेवल्या.

फेरी संपली, मॅक्सीन नाक फुगवून परत बसली. पुढच्याच डावात डेल्बर्टला एक्का आणि राणी आले. त्यानं सगळं पुढे सारलं. लावायचे तसे पत्ते होते, दान म्हणून नव्हे. मॅक्सीननं आपले पत्ते पाहिले, दोन अठ्ठे. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आता दया नाही हं," ती म्हणाली. आवाज बसमधला नव्हता.

"आता केलीस तर बोलणार नाही तुझ्याशी."

तिनं भरले. मी मधली पाच पानं उघडली. एक्का नाही, राणी नाही. अठ्ठे जिंकले.

डेल्बर्टनं श्वास सोडला आणि मग तो हसला, अगदी मनापासून. खुर्ची आत सरकवली. टोपी घातली. "छान खेळलीस हं, मॅक्सीन." खिशातला डॉलर माझ्यापुढे आला. मॅक्सीन एका डोळ्यानं रडत होती आणि तोंडानं "गाढव, शुद्ध गाढव!" म्हणत होती.

दुपारी माझी पाळी संपल्यावर मी आणि मॅक्सीन चर्चच्या हॉलवर गेलो. न जाऊन कसं चालेल? अर्डिथनं डेल्बर्टला दारात पाहिलं, डबा रिकामा झाल्याचं ओळखलं आणि दंडाची निळी पट्टी सोडली. ती कुठं ठेवावी म्हणून इकडे तिकडे बघितलं, आणि मॅक्सीन समोरच उभी होती.

"मी? मी नाही हं पुरुष होणार!"

"चार चाकं वळवलीस जन्मभर, दोन पाय वळवता येत नाहीत?" अर्डिथनं पट्टी बांधूनसुद्धा टाकली.

डेल्बर्टसारखा वाईट नाचणारा एल्कोनं पाहिला नसेल. डावीकडे म्हटलं की उजवीकडे. पाद्रीबाईंच्या पायावर पाय दिला, भिंतीवरच्या सूचनाफलकावर आदळला, आणि दर चुकीला समोरच्याला वाकून म्हणायचा, "छान नाचलात हं." निळ्या पट्टीतली मॅक्सीन पलीकडून ओरडत होती, "डोकं बघून झालं असेल तर पाय उचल!" अर्डिथला हसून हसून खुर्ची धरावी लागली. इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं, आणि मी दोन घरं सोडून राहते.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. "चिडून हरला का गं?" मी तिला सगळं सांगितलं, बदामचा एक्का, चाळीस डॉलर, आणि उठून घरी जा म्हटलं तरी तो उठला नाही हे. ती ऐकत राहिली. ग्लास रिकामा झाला तरी हातातच होता.

पुढचे काही मंगळवार टेबलावर त्याची खुर्ची तशीच होती. मॅक्सीन तिच्यावर पर्स ठेवायची आणि कुणी बसायला आलं की खेकसायची. डेल्बर्टनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. नाचात मात्र तो आता फक्त निम्म्या वेळा चुकत होता.

मग एका रविवारी अर्डिथनं मला आणि मॅक्सीनला कॉफीला बोलावलं. बाहेरच्या ओट्यावर स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली होती, आणि तिच्या शेजारी डेल्बर्ट, हातात कात्री, गोंधळून उभा.

"केस काप म्हणते," तो आम्हाला म्हणाला. "चाळीस वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. म्हणायची, नवऱ्यानं केस बिघडवले तर भांडण दोनदा होतं, एकदा दुकानात आणि एकदा घरी."

"काप," अर्डिथ बसत म्हणाली. "थोडंच."

त्यानं आधी बराच वेळ डोकं पाहिलं. मग थोडं थोडं कापलं. झाल्यावर अर्डिथनं आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"कानाजवळ वाकडं झालंय."

"तिथं तुझं डोकंच..." तो बोलता बोलता थांबला.

तिनं एप्रनच्या खिशातून वीस डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले. "हे कटिंगचे. घरात येतील." मग उठून खुर्चीखालून तो लाल डबा काढला, झाकण उघडलं, वर पाचाची नोट धरली आणि आत सोडली. "ही टिप."

डेल्बर्टनं कात्री खाली ठेवली.

"नाच दोनला असतो," अर्डिथ म्हणाली. "मंगळवारी साडेबाराला टेबलावरून उठायचं, जिंकत असलास तरी."

हरताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, तो माणूस तोंड फिरवून अर्डिथच्या खांद्यावरून काढलेली चादर झटकायला लागला. केस कधीच झडले होते, तरी झटकतच होता. मॅक्सीननं डोक्यावरची क्लिप ओढून काढली आणि खुर्चीत धपकन बसली.

"आवर रे लवकर," ती म्हणाली. "आणि माझी टिप मोजून घे, तू पुन्हा कीव केली म्हणशील."